कंपवातावरील चेतापेशी-प्रत्यारोपण : दुष्परिणामांचा इतिहास

प्रस्तावना
कंपवात हा व्याधी आयुर्वेदास परिचित होता. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यातही आढळणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असते, हे 1937 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखविले. पुढे तेच या रोगावरील प्रमुख औषध ठरले. तथापि दीर्घकाळच्या वापराने रुग्णाच्या शरीरात अनैच्छिक हालचाली उद्भवतात. त्यामुळे नष्ट झालेल्या चेतापेशींच्या जागी नव्या पेशी बसविण्याचा विचार पुढे आला. प्रस्तुत लेखात या उपचाराच्या दुष्परिणामांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

प्रयोग आणि दुष्परिणाम
स्वीडनमधील लुंड येथे 1987 मध्ये गर्भाच्या मेंदूतील पेशींचे मानवात प्रत्यारोपण सुरू झाले. आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. अमेरिकेत फ्रीड व सहकाऱ्यांनी 40 रुग्णांवर केलेली चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत निम्म्या रुग्णांच्या कवटीस केवळ छिद्रे पाडली, पेशी सोडल्या नाहीत. साठ वर्षांखालील रुग्णांत काही सुधारणा दिसली. मात्र प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 15 टक्के रुग्णांत औषध कमी वा बंद करूनही अनैच्छिक हालचाली होत राहिल्या. ओलानाव यांच्या 2003 च्या चाचणीत हे प्रमाण 56 टक्के होते. औषधाचा दुष्परिणाम मात्रा घटवून आटोक्यात आणता येतो. मेंदूत रुजलेली पेशी मात्र परत काढता येत नाही. या उपचारातील खरा धोका हाच होय.

पुढे 2008 मध्ये काही रुग्णांच्या प्रत्यारोपित पेशींतही मूळ रोगाची लक्षणचिन्हे आढळली. 2010 मध्ये पॉलिटिस व सहकाऱ्यांनी कलमातील सेरोटोनिन-पेशींचे आधिक्य हे अनैच्छिक हालचालींचे एक कारण असल्याचे दाखविले.

भारतीय संदर्भ
अमेरिकी शासनाने 2001 मध्ये मान्य केलेल्या भ्रूण-मूलपेशींच्या यादीत मुंबईतील रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात पेशीमालिका होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2007 च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन’ व ‘उपचार’ हे दोन्ही शब्द होते. 2013 मध्ये ‘उपचार’ हा शब्द वगळण्यात आला. सिद्ध न झालेल्या गोष्टीस उपचार म्हणू नये, ही त्यामागील भूमिका होती. जळगाव-धुळ्याहून मुंबई-पुण्याकडे आशेने जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा शब्दभेद मोलाचा आहे. कारण संशोधनातील सहभागासाठी रुग्णाकडून शुल्क घेणे या तत्त्वांस संमत नाही.

समारोप
2025 मध्ये जपान व उत्तर अमेरिकेतील मूलपेशीजन्य चेतापेशींच्या छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत कलमजन्य अनैच्छिक हालचाली आढळल्या नाहीत. मात्र रुग्णसंख्या अनुक्रमे सात व बारा इतकीच होती. 2001 च्या चाचणीत हे दुष्परिणाम पहिल्या वर्षानंतर प्रकटले, हे लक्षात घेता दीर्घकालीन निरीक्षणाविना निष्कर्ष काढणे उचित ठरणार नाही.