‘एस’ची खूण नोड कशी झाली

मोल्सवर्थच्या कोशात, १८५७ च्या आवृत्तीत, ‘घर’ या शब्दापुढे कंसात ‘गृह’ आणि एक रोमन ‘एस’ आहे. म्हणजे मूळ संस्कृत. आपल्याला ते कळतं. संगणकाला ते नुसतं अक्षर.

बरं, कोणी त्या ‘एस’च्या जागी टॅग टाइप केला, पण मजकूर म्हणूनच, टोकदार कंस ‘एस्केप’ करून, तर? नैयायिक म्हणत, ‘अग्नी’ म्हटल्यानं तोंड भाजत नाही. तसंच हे, नोड तयार होतच नाही. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्ये एस्केपिंग बंद करता येई, पण फक्त शेवटी, फाइल लिहिताना. टॅग दिसे खरा. मात्र त्याच रूपांतरात ‘संस्कृत मूळ असलेले सगळे शब्द काढ’ म्हटलं, की हाती शून्य! लोक मग टेम्प्लेट पुन्हापुन्हा चालवून एकेक कंस शोधत बसत.

२००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘ॲनलाइझ-स्ट्रिंग’ आलं. कंसातला ‘एस’ नमुना सांगून हुडकायचा आणि तिथंच घटक उभा करायचा. टाइप केलेल्या टॅगांना मात्र २०१४ ची वाट पाहावी लागली. एक्सपाथ ३.० चं ‘पार्स-एक्सएमएल’ मजकूर घेतं, नोडांचं झाड देतं. एक टॅग जरी उघडा राहिला, तरी ते चूक दाखवून थांबतं.