वाढई

नागपूरकडे सुताराला वाढई म्हणतात. हा शब्द हिंदी 'बढई'चा अपभ्रंश समजला जातो, तेव्हा मला वाईट वाटतं. संस्कृत 'वर्धकि', प्राकृत 'वड्ढइ' आणि पुढे वाढई, अशी त्याची स्वतःची वाट आहे. बढई हा त्याचा भाऊ. धातुपाठात 'वर्ध्'चा अर्थ छेदन आणि पूरण, म्हणजे कापणं आणि भरणं. लाकडाच्या कामाचं याहून नेमकं वर्णन नाही. 'सुतार' मात्र सूत्रधारापासून आला. गेरूत भिजवलेलं सूत फळीवर ताणायचं, चिमटीत उचलून सोडायचं. लाल रेघ उमटते आणि करवत तिच्यावरून चालते. जर्मनांनी मात्र सुताराला वस्तूवरून नावं दिली: उत्तरेत टेबलावरून 'टिश्लर', दक्षिणेत पेटीवरून 'श्रायनर'. घराचं छप्पर, वासे उभारणारा 'त्सिमरमान' वेगळा.