वायुकुळाची जन्मपत्रिका

खेळाच्या नियमांचे पुस्तक हे इतिहासाचे साधन होऊ शकते, असे म्हटल्यास पुष्कळ वाचकांस तो विनोद वाटेल. बखरी, सनदा, शिलालेख ही साधने खरी. फासे आणि सोंगट्या यांच्या नियमांत इतिहासकाराने काय शोधावयाचे? परंतु आमच्या मते समाज आपल्या मनातील ज्या समजुती शास्त्रग्रंथांत लिहावयास संकोचतो, त्या तो खेळात बिनदिक्कत मांडून जातो. कोणाला जन्मतः काय मिळाले, कोणी कोणत्या पायरीपर्यंत चढावे आणि कोणी कोठे थांबावे, हे खेळात आकड्यांनी लिहावे लागते. तेथे शब्दांचे धुके पसरून चालत नाही. या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांतील एका खेळाचा, आणि त्या खेळात वाऱ्यापासून जन्मलेल्या एका काल्पनिक कुळाचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्या खेळाविषयी आम्ही बोलत आहो, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नसन यांच्या साहाय्याने रचलेला हा खेळ 1974 साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने विक्रीस आला. त्याचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी गेओर्ग फॉन राइस्विट्झ याने 1824 साली नकाशा व फासे घेऊन लढाईचा अभ्यास करण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचाच हा दूरचा वंशज. फरक एवढाच की येथे खेळणारा पलटणीचा सेनापती नसून एकाच पात्राचा धनी असतो. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो आणि कथेतील जग वर्णन करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि पात्राने योजलेले काम तडीस गेले की नाही याचा निर्णय फासा देतो. म्हणजे हे नाटकच. मात्र त्याची संहिता अगोदर लिहिलेली नसते. खेळापूर्वी प्रत्येक जण आपल्या पात्राचा एक कागद तयार करतो. त्याचे कुळ कोणते, व्यवसाय कोणता, बळ किती, बुद्धी किती, हे सारे त्यावर मांडलेले असते. या कागदास जन्मपत्रिका म्हटल्यास ते अयोग्य होणार नाही.

आता या पत्रिकांत वायुकुळ कोठून आले ते पाहू. त्याचा उगम युरोपातील किमयागारांच्या ग्रंथांत सापडतो. पॅरासेल्सस (1493–1541) या स्विस वैद्याचा चार महाभूतांत राहणाऱ्या जीवांविषयीचा एक निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1566 साली, छापला गेला. त्यात जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू यांचे निवासी त्याने निरनिराळे कल्पिले, आणि वायूच्या निवाशांस ‘सिल्फ’ हे नाव दिले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की त्याचे सिल्फ नाजूक नाहीत. ते मनुष्याहून उंच, राकट व बळकट आहेत. आपल्याप्रमाणेच ते हवेत श्वास घेतात, म्हणून पाण्यात बुडतात आणि अग्नीत जळतात. त्यांना देह आहे, वाणी आहे, विवेक आहे. उणीव एकच, त्यांना आत्मा नाही. परक्या कुळाचे वर्णन करताना ‘यांच्यात अमुक नाही’ हे प्रथम सांगावयाचे, ही मनुष्याची जुनी खोड येथेही दिसते.

पुढे 1670 साली व्हिलार्स नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने ‘कोंत द गाबालिस’ हे उपहासगर्भ पुस्तक लिहिले. त्यात हे जीव सुंदर झाले, आणि मनुष्याशी विवाह करून अमरत्व मिळविण्याची त्यांची आकांक्षा गाजली. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने आपल्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्याच्या 1714 सालच्या आवृत्तीत सिल्फांची नवी भर घातली, आणि एका तरुणीची कुंतले व अलंकार सांभाळण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. दीडशे वर्षांच्या अवधीत राकट वायुपुरुष अशा प्रकारे प्रसाधनगृहातील सेवक बनला! कुळाचे म्हणून जे गुण सांगतात ते बहुधा सांगणाऱ्याच्या सोयीचे असतात, हा धडा येथेच घेण्यासारखा आहे.

1974 च्या खेळात वारा होता, पण तो पात्र म्हणून नव्हे. वायुभूत आणि अरबी कथांतील जिन्नी हे शत्रू किंवा बोलावलेले चाकर म्हणून येत. खेळणाऱ्यास मनुष्याखेरीज तीनच कुळे मोकळी होती: बुटके खाणकरी ‘ड्वार्फ’, वनवासी ‘एल्फ’ आणि इवलेसे ‘हॉबिट’. त्यांच्यावर घातलेली मर्यादा पाहावी. ड्वार्फने योद्धा म्हणून सहाव्या पायरीवर थांबावे, हॉबिटने चौथ्या. एल्फने योद्धा म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या. मनुष्यास अशी मर्यादा नाही. हे जग प्रामुख्याने मनुष्याचे राहावे, अशी गायगॅक्स यांची धारणा होती व ती त्यांनी 1979 च्या सूत्रधारासाठी लिहिलेल्या ग्रंथात सविस्तर मांडली आहे. 1981 च्या प्राथमिक आवृत्तीत तर आणखी एक पाऊल पुढे पडले. मनुष्याने योद्धा व्हावे, चोर व्हावे, जादूगार व्हावे; परंतु ड्वार्फ हा ड्वार्फच, त्याचे कुळ हाच त्याचा व्यवसाय. ज्या महाराष्ट्रात सुताराच्या घरी सुतार आणि कुंभाराच्या घरी कुंभार जन्मास येई, आणि बारा बलुत्यांचे काम जन्माबरोबर वाटून दिलेले असे, तेथील वाचकास या नियमाचे भाष्य सांगावयास नको. अमेरिकन करमणुकीच्या पुस्तकात आपल्या गावगाड्याची सावली पडावी, हे आश्चर्यच होय.

वायुकुळास खेळाडूच्या पंक्तीस बसण्याचा मान पुढे मिळाला. 1996 साली ‘प्लेनस्केप’ या मालिकेतील एका ग्रंथात ‘जेनासी’ हे कुळ आले. महाभूतांच्या लोकांतील जीवांचे रक्त ज्यांच्या अंगी आहे, अशी ही मानवसदृश संतती. तिच्यातील एक शाखा वायूची. येथे नियमकर्त्यांपुढे खरा पेच उभा राहिला. वाऱ्याचे मूल म्हटले की त्याने उडावे, ही अपेक्षा स्वाभाविक. पण सूत्रधाराने रचलेले खंदक, कडे, पूर, कोट हे सारे पायाने चालणाऱ्यासाठी रचलेले असतात. एक पात्र उडू लागले की इतर तिघे दोर बांधीत बसतात आणि तो पलीकडे जाऊन वाट पाहतो. तलवारधारी शत्रू त्यास शिवू शकत नाही. एकाच्या स्वातंत्र्याने बाकीच्यांचा खेळ संपतो. स्वातंत्र्य आणि समता यांचा जो झगडा राज्यशास्त्राच्या पुस्तकांत आपण वाचतो, तोच येथे टेबलावर उतरला.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत या पेचाची दोन उत्तरे शेजारी शेजारी सापडतात. पहिले ‘आराकोक्रा’ या पक्षिमानवांचे. हे कुळ 1981 पासून या खेळाच्या प्राणिकोशात होते. मनुष्य जेवढ्या वेळात 30 फूट चालतो तेवढ्यात हा 50 फूट उडतो. मात्र जड चिलखत घालून त्यास उडता येत नाही. दुसरे उत्तर वायुजेनासीचे. त्याला श्वास हवा तितका वेळ रोखून धरता येतो, आणि दीर्घ विश्रांतीनंतर एकदा तो मंत्राने अधांतरी उचलला जातो. परंतु तो मंत्र त्यास केवळ सरळ वर, तोही 20 फुटांपर्यंत, नेतो. पुढे सरकावयाचे तर भिंत किंवा फांदी धरून स्वतःस ढकलावे लागते. वाऱ्याच्या पुत्राने वर जावे, पण पुढे जाऊ नये! यात कारकुनी सावधगिरी आहे, वारा नाही. 2022 साली ही मोजमापे पुन्हा सुधारली गेली: आराकोक्राचे उडणे चालण्याच्या गतीवर आणले, आणि जेनासीचे चालणे थोडे जलद करून अधांतरी होण्याचे सामर्थ्य त्यास काही पायऱ्या चढल्यावरच मिळेल असे ठरविले.

आमच्या मते या पेचातून सुटण्याची खरी वाट वजनकाट्याची नव्हे. वारा म्हणजे उडणे, हे समीकरणच मुळी अपुरे आहे. वारा श्वास आहे, आवाज आहे, गंध वाहणारा दूत आहे. तो वादळ आहे आणि झुळूकही आहे. आपल्या पुराणकारांनी हे चांगले ओळखले होते. मारुती आणि भीम हे दोघेही पवनपुत्र. एकाने समुद्र उल्लंघिला. दुसरा जमिनीवर पाय रोवून वृक्ष उपटीत राहिला, आणि वनपर्वात थोरल्या भावाचे शेपूटसुद्धा त्यास उचलता आले नाही. पिता एक, पण देणगी एक नव्हे. तरी दोघांपैकी कोणास वायुपुत्र न म्हणण्याचे धाडस कोण करील?

नियमकर्त्यांसही ही जाण हळूहळू आली. 2008 च्या आवृत्तीत जेनासी हे एकच कुळ मानून, वारा, वादळ, अग्नी, जल, पृथ्वी यांपैकी कोणते रूप प्रकट व्हावे हे खेळणाऱ्याने निवडावे, अशी व्यवस्था झाली. ‘पाथफाइंडर’ या प्रतिस्पर्धी खेळाने 2012 च्या आपल्या कुलग्रंथात सिल्फांसाठी पर्यायी गुणांची यादीच दिली: कोणाभोवती अशी झुळूक फिरते की बाण चुकावा, कोणाची पावले जलद, कोणाची निःशब्द, कोणास हवामान आधी कळते, कोणास पाखरांशी बोलता येते. एक गुण घ्यावयाचा तर जन्माने मिळालेला दुसरा सोडावयाचा. नवे कुळ रचू पाहणाऱ्यांस या यादीतील शहाणपण उपयोगी पडेल. पर्याय चांगला तो, जो खेळणाऱ्यास नुसता बलवत्तर करीत नाही, तर ‘मी कोणता वारा?’ हा प्रश्न त्याजपुढे ठेवतो.

2021 साली याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने त्याहून मोठा पालट केला. तेथे सिल्फ हे निराळे कुळ उरलेच नाही. मनुष्याच्या, ड्वार्फच्या, एल्फच्या, कोणाच्याही घरी वाऱ्याचे मूल जन्मास येऊ शकते. आणि त्याचे वायुगुण एकदम न ठरता पायऱ्या चढता चढता त्याने स्वतः निवडावयाचे. ज्या पत्रिकेत पूर्वी सर्व फलित जन्मसमयीच लिहून ठेवीत, तीत आता कोरी घरे राहू लागली.

हा पालट केवळ वायुकुळापुरता नव्हता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये 2000 साली पायऱ्यांच्या मर्यादा काढून टाकण्यात आल्या. 2020 साली, कुळामुळे मिळणारी बळाची व बुद्धीची वाढ खेळणाऱ्याने आपल्या इच्छेनुसार फिरवावी, अशी मुभा मिळाली. 2024 च्या ग्रंथात ती वाढ कुळाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे, म्हणजे ते कोठे वाढले व काय शिकले याकडे, सोपविली; आणि ‘वंश’ या अर्थाचा जुना शब्द जाऊन ‘जीवजाती’ या अर्थाचा शब्द आला. ‘पाथफाइंडर’ने तो जुना शब्द 2019 सालीच टाकला होता.

यावर एक आक्षेप येतो व तो क्षुल्लक नाही. जन्माचे सर्वच हिरावून घेतले, तर वायुकुळ म्हणून उरले काय? सर्वच जण सर्व काही होऊ शकत असतील, तर निरनिराळी कुळे ही निरनिराळ्या रंगांचे अंगरखे ठरतील. या आक्षेपास उत्तर आहे, आणि ते नियमांनीच अस्पष्टपणे दिले आहे. देहाचे धर्म एक आणि माणसाची योग्यता दुसरी. पंख असणे, श्वास रोखता येणे, विजेचा दाह कमी होणे, हे देहाचे. ते कुळाकडे राहावे, त्यात कोणाचा अपमान नाही. परंतु बुद्धी किती, शील कसे, व्यवसाय कोणता, आणि कोणत्या पायरीवर थांबावे, हे कुळाने सांगू लागताच खेळाची मौज जाते व अन्याय उरतो. 1974 च्या पुस्तिकांनी या दोहोंची गल्लत केली होती. ती निवडून वेगळी करण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. खेळात एवढा काळ लागला, तर ज्या समाजांनी हीच गल्लत शतकानुशतके धर्म म्हणून जतन केली, त्यांस किती लागावा याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पॅरासेल्ससने सिल्फास सर्व काही दिले आणि आत्मा मात्र नाकारला. आत्मा म्हणजे काय याचा निर्णय तत्त्वज्ञांकडे सोपवू. पण आपण काय व्हावे हे स्वतः ठरविण्याचा अधिकार त्या शब्दात येत असेल, तर तो सिल्फास मिळण्यास 1566 पासून साडेचार शतके लोटली, आणि तो मिळाला कोणा धर्मपीठाकडून नव्हे, तर टेबलाभोवती बसून फासे टाकणाऱ्या चारपाच जणांकडून.