काचेपलीकडचे खडप : बंदिस्त माशांच्या घराचा इतिहास

१/ रत्नागिरीच्या झाडगाव-पेठकिल्ला परिसरात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. १९५८ साली स्थापन झालेले हे केंद्र पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी होते. काचेबाहेरून आपण मासा पाहतो. पण काचेआड त्याला काय हवे असते? या प्रश्नाचा इतिहास रंजक आहे.

२/ १८४९-५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका टाकीत दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देत आणि कुजणारी पाने गोगलगायी खात; त्यामुळे पाणी वारंवार न बदलताही मासे जगले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचे.

३/ म्हणजे आरंभीच्या टाकीत हिरवळ होती ती पाणी शुद्ध राहावे म्हणून. पुढे हवेचे पंप आणि गाळणयंत्रे आली व वनस्पतींची ती गरज संपली. मत्स्यबीज केंद्रांत तर टाकी जितकी मोकळी तितकी ती धुण्यास सोपी आणि रोगराईचे भय कमी. उघड्या टाकीमागे क्रौर्य नव्हते, सोय होती.

४/ या सोयीची किंमत काय, हे उशिरा कळले. २००३ साली लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजेची जाणीव टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. २००५ साली व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि अॅन सॅल्व्हानेस यांनी कॉड माशाची पिल्ले वेगवेगळ्या प्रकारे वाढवली. ज्यांच्या टाकीत दगडगोटे होते आणि खाद्याची जागा बदलत असे, ती पिल्ले ताणातून लवकर सावरली आणि नव्या जागेचा शोध अधिक वेगाने घेऊ लागली.

५/ २००६ साली आणखी एक निष्कर्ष आला. तळाशी केवळ दगड असलेल्या टाकीतील स्टीलहेड ट्राउटच्या पिल्लांचे अनुमस्तिष्क, म्हणजे हालचाल व तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, उघड्या टाकीतील पिल्लांपेक्षा मोठे भरले.

६/ कोकणच्या किनाऱ्यावर याचे नवल वाटू नये. खडपाच्या कपारीत मासा आसरा घेतो, हे येथील मच्छीमार जाणतोच. मात्र प्रत्येक जातीची गरज निराळी. वामेला बीळ हवे, समुद्रघोड्याला शेपटी गुंडाळण्यासाठी आधार हवा, वाळूत दडणाऱ्या माशाला वाळू हवी. झुंडीने पोहणाऱ्याला सोबत आणि मोकळे पाणी हवे. त्याची टाकी दगडांनी भरणे हीही चूकच.

७/ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. म्हणजे मासाही त्यात आला. २०१७ साली केंद्राने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले, पण पुढे ते मागे घेण्यात आले.

८/ येथे एक खरा पेच उरतो. आसरा मिळालेला मासा दडून बसतो आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक हिरमुसतो. वॉरिंग्टनच्या टाकीतील हिरवळ पाण्यासाठी होती. आज तीच माशासाठी हवी आहे. मत्स्यालयात एखादी टाकी रिकामी भासली, तर क्षणभर थांबावे. कपारीत कोणीतरी स्वस्थ असेल.