चांद्याचा ससा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, वणीच्या दक्षिणेस, मुकुटबन नावाचे गाव आहे. नावात मुकुटही आहे आणि बनही आहे. तेव्हा कोणा पराभूत राजाने या बनात आपला मुकुट टाकला असावा, अशी कल्पना कोणाही कल्पक मनुष्यास सुचेल. मलाही ती सुचली आणि लगेच बाजूस सारावी लागली, कारण नावावाचून तिला दुसरा आधार नव्हता. परंतु तीच कल्पना मी तेथील पारावर खात्रीच्या स्वरात बोलून दाखविली असती, तर दहा-वीस वर्षांनी ती 'पूर्वापार चालत आलेली' म्हणून मलाच ऐकावी लागली असती. पुष्कळ आख्यायिकांचा जन्म असाच होतो. नाव आधी असते. घटना त्यास मागाहून चिकटते.

तानाजी पडला म्हणून कोंढाण्यास सिंहगड हे नाव मिळाले, असे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. ते युद्ध फेब्रुवारी १६७० मधले; आणि शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील एका पत्रात सिंहगड हे नाव स्पष्ट आलेले आहे. यामुळे तानाजीच्या पराक्रमास तिळमात्र बाध येत नाही. बाध येतो तो केवळ नावाच्या कथेस. येथे कागद उपलब्ध होता म्हणून निकाल सोपा झाला. जेथे समकालीन कागदच नाही, तेथे काय करावे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो मुकुटबनासच माझ्यासमोर उभा राहिला.

एका सायंकाळी तेथील एका वृद्ध गोंड गृहस्थांनी वर्धा नदीपलीकडील चांदा शहर कसे वसले, ती कथा मला सांगितली. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या. राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धेच्या काठी बल्लारपूर वसविले. एके दिवशी शिकारीत तहान लागली असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्यास पाण्याची झिरप सापडली. त्या पाण्याने तोंड धुतले आणि रात्री गाढ झोप लागली. सकाळी पाहतो तो गाठी नाहीशा झालेल्या. तेथेच पुढे अचलेश्वराचे देऊळ झाले. काही दिवसांनी त्याच रानात राजाने एक नवल पाहिले. कपाळी पांढरा टिळा असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला होता! ही भूमी शूरांची आहे, असे राणीने ताडले, आणि सशाने जेथून जेथून कुत्र्यास पळविले त्या वाटेने राजाने शहराचा तट आखला.

कथा गोड आहे. अडचण इतकीच, की हा ससा चांद्याचा एकट्याचा नाही. १४११ मध्ये अहमदशहाने अहमदाबाद वसविले, तेही सशाने कुत्र्यावर चाल केलेली पाहून, असे गुजरातेत सांगतात. १५३५ च्या सुमारास न्यूनिझ या पोर्तुगीज लेखकाने विजयनगराच्या स्थापनेची हकीकत लिहून ठेविली आहे. तीतही कुत्र्यांस चावणारा ससा आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसविले, त्या कथेतही तोच ससा पुन्हा भेटतो. इतक्या राजांस इतक्या ठिकाणी एकच चमत्कार दिसावा, यापेक्षा एकच कथा इतकी गावे हिंडली, हे मानणे अधिक सयुक्तिक होय.

कालगणनेचीही तीच गत. मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीच्या अहवालात परंपरेने चालत आलेली राजांची यादी नमूद केली आहे. तीत इ. स. ८७० पासून १७५१ पर्यंत एकोणीस राजे येतात. भागाकार करून पाहावा. प्रत्येकास सरासरी शेहेचाळीस वर्षांचे राज्य लाभते! एखाद्या राजास असे भाग्य लाभणे शक्य आहे. एकोणीस राजांस ओळीने लाभणे शक्य नाही. उलट 'आईन-इ-अकबरी'त चांद्याचा बाबाजी हा एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ बाळगून असल्याचा उल्लेख आहे. हा पाय ठेवण्याजोगा दगड. परंपरेच्याच यादीत बाबाजीच्या मागे तीन-चार राजवटींवर खांडक्या येतो. म्हणजे त्यास पंधराव्या शतकाच्या अखेरीस ठेवणे ठीक दिसते.

एवढे सारे मी मोठ्या उत्साहाने त्या गृहस्थांस समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे आमचा राजाच खोटा होता म्हणता काय जी?"

या प्रश्नाने मी वरमलो. सशाचे खंडन करण्याच्या भरात राजाचे काय उरते हे सांगावयास मी विसरलो होतो. आणि गोंडांच्या राज्याविषयी तर ही चूक अक्षम्य आहे. पेशव्यांच्या दप्तराचे रुमालच्या रुमाल आपल्यापुढे आहेत. तेथील एक दंतकथा गेली तर शंभर कागद उरतात. गोंड राजांचे तसे दप्तर आपल्यापुढे नाही. त्यांची आठवण बव्हंशी मुखपरंपरेने राहिली, आणि तीच आपण एका फटकाऱ्याने पुसली तर त्या लोकांच्या हाती काय राहणार?

मग मी तीच कथा दुसऱ्या बाजूने पाहिली. इतर शहरांच्या कथांत जे आहे ते वजा करावे आणि शिल्लक काय राहते ते पाहावे. ससा जातो, कुत्रा जातो. शिल्लक राहते ती तहान, झरपटीच्या कोरड्या पात्रातील पाणी, आणि सल्ला देणारी राणी. अहमदाबादेच्या सशाबरोबर या गोष्टी आलेल्या नाहीत. त्या याच मातीतल्या आहेत. नकाशा पाहिला तर त्यांचा अर्थही उलगडतो. चांद्याच्या पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट. दोन नद्यांच्या मधली ही जागा पाण्यास आणि बचावास दोहोंसही सोयीची. ती ज्याने हेरली त्यास शकुनाची गरज नव्हती. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या दरवाजांचा तो तट काही एका शिकारीत उभा राहिलेला नाही. त्याचे काम पुढील राजवटींतही चालू होते, असे परंपराच सांगते. राणीच्या सल्ल्यासही निव्वळ अलंकार म्हणता येत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी याच घराण्यातील राणी हिराई हिने दत्तक पुत्राच्या वतीने राज्य सांभाळले, महाकालीचे देऊळ बांधविले आणि पती बीरशहाची समाधी उभारली. ज्या राज्याने अशी राणी पाहिली, त्याने आपल्या स्थापनेच्या कथेतही शहाणपणाचे बोल राणीच्याच मुखी घातले, यात नवल ते काय?

तेव्हा आख्यायिका खरी की खोटी, एवढा एकच प्रश्न विचारणे अपुरे आहे. तिच्यातील कोणता धागा उसना आणि कोणता घरचा, हे निवडावे लागते. उसना धागा काढल्याने वस्त्र विरत नाही. उलट सशाने शहर वसविले असे म्हणण्यात राजाची पारख, गवंड्यांचे श्रम आणि पिढ्यांची चिकाटी ही सारी झाकली जातात. हे श्रेय त्यांचे त्यांस परत देणे हेच इतिहासाचे काम.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी त्या गृहस्थांकडे गेलो आणि म्हणालो, "राजा खरा, पाणी खरे, तट तर आजही उभा आहे. ससा तेवढा बाहेरगावचा." ते हसले. "असू द्या," म्हणाले, "पाहुणा आहे, पोरांना आवडते." त्या पाहुण्यास घालवून देण्याचा आग्रह मीही धरला नाही. त्यास यजमान समजू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.