हिंदमाता : बशीच्या तळाशी वसलेला कापडबाजार

परळ आणि दादरच्या सीमेवरील हिंदमाता हा परिसर तेथील चित्रपटगृहाच्या नावाने ओळखला जातो. साड्या व ड्रेस मटेरियलचा बाजार आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी या दोन गोष्टींमुळे मुंबईकरांना तो परिचित आहे. दोहोंचे मूळ इथल्या सपाट, सखल भूमीत आहे.

मुंबई मुळात सात बेटांची. पश्चिमेस मलबार हिल ते वरळीच्या टेकड्या, पूर्वेस माझगाव-शिवडीचे उंचवटे आणि मधला भाग खोलगट. महालक्ष्मी-वरळीदरम्यानच्या खाडीतून भरतीचे पाणी या खोलगट भागात शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या बांधाने ते अडविले. जमीन कोरडी झाली; उंच मात्र झाली नाही.

याच सपाटीवर एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आला, कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि परळ-लालबागचे गिरणगाव झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्या टप्प्याटप्प्याने बंद पडल्या आणि त्यांच्या जागी टॉवर व मॉल आले. कापड विणणारे हात गेले, कापड विकणारा बाजार तेवढा राहिला. लग्नसराईत आजही येथे पाय ठेवायला जागा नसते.

बशीच्या आकाराच्या या भागातील पावसाचे पाणी भूमिगत वाहिन्यांतून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. ब्रिटिशकालीन वाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी चढली की निचरा थांबतो. जोरदार पाऊस त्याच वेळी आला की आंबेडकर मार्ग जलमय होतो. ही क्षमता दुप्पट करण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ सालची. पण रे रोड येथील ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू व्हायला २०१६ साल उजाडले! त्यानेही प्रश्न सुटला नाही, तेव्हा महापालिकेने दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांखाली साठवण टाक्या बांधल्या. पंपाने पाणी तेथे न्यायचे आणि ओहोटीला सोडायचे, अशी ही व्यवस्था.

पाणी ओसरण्याचा वेळ त्यामुळे घटला, हे मान्य करावे लागेल. तथापि ही व्यवस्था सर्वस्वी पंपांवर विसंबून आहे. २६ मे २०२५ रोजी पाऊस वेळेआधी कोसळला आणि हिंदमाता पुन्हा पाण्याखाली गेले. बाजाराचा माल कापडाचा. एकदा भिजलेल्या साडीला मूळ भाव मिळत नाही.