समुद्रतळावरचा ढीग: उत्तर समुद्रातील तेलविहिरींच्या कचऱ्याचा इतिहास

प्रस्तावना

समुद्रातील खनिज तेलाचा इतिहास म्हटला की तेलाचे शोध, उत्पादन आणि भाव यांची चर्चा होते. मात्र विहीर खोदताना निघालेला खडक कोठे गेला, हे सहसा विचारले जात नाही. प्रस्तुत पाठात आपण हाच प्रश्न उत्तर समुद्राच्या संदर्भात पाहणार आहोत. वाचताना एक मुद्दा लक्षात ठेवा: प्रत्येक काळात जे मोजले गेले, त्याचेच नियम झाले आणि जे मोजले गेले नाही, ते समुद्रतळावर साचत राहिले.

कचरा कशाचा असतो?

खोदकाम सुरू असताना पोकळ नळ्यांतून एक दाट द्रव सतत खाली सोडला जातो. त्याला ‘ड्रिलिंग मड’ म्हणतात. हा द्रव ड्रिलचे पाते थंड ठेवतो, भूगर्भातील दाब तोलून धरतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. वर आल्यावर तो चाळणीतून काढतात. द्रव पुन्हा विहिरीत जातो, चुरा मागे उरतो. एका खोल विहिरीतून असा शेकडो टन चुरा निघतो.

मड पाण्यात कालवलेले असेल, तर त्यात मुख्यतः बेंटोनाइट माती आणि वजन वाढवणारे बराइट असते. परंतु काही शेल खडक पाणी शोषून फुगतात आणि विहिरीची भिंत ढासळते. तिरक्या विहिरींत ही अडचण अधिक जाणवते. अशा ठिकाणी तेलात कालवलेले मड उपयोगी पडते. मात्र ते तेल चुऱ्याला चिकटून राहते. आपल्या इतिहासाचे मूळ या चिकटलेल्या तेलात आहे.

डिझेलपासून एस्टरपर्यंत

नॉर्वेच्या हद्दीत 1969 मध्ये एकोफिस्क आणि ब्रिटनच्या हद्दीत 1970 मध्ये फोर्टीज ही मोठी तेलक्षेत्रे सापडली. पुढे डिझेलयुक्त मडचा वापर वाढला आणि चुरा तेलमंचाखालीच सोडला जाऊ लागला. दक्षिणेकडील उथळ भागात जोरदार प्रवाहांनी तो पसरवला. मध्य आणि उत्तर भागातील खोल, संथ पाण्यात मात्र त्याचे ढीग तयार झाले.

डिझेल विषारी असल्याचे स्पष्ट झाल्यावर 1980 च्या दशकाच्या मध्यास त्याची जागा कमी विषारी खनिज तेलाने घेतली. नव्या तेलाने विषारीपणा कमी केला. परंतु ढिगाच्या आत प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे तेथील तेल वर्षानुवर्षे तसेच राहते. हा टिकाऊपणा प्रयोगशाळेतील अल्पकालीन चाचणीत दिसत नव्हता.

यानंतर 1990 मध्ये जॉन ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एकोफिस्क व एल्डफिस्क येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. जैवविविधतेचा एकच निर्देशांक काढला, तर बदल तेलमंचाच्या आसपासच दिसत असे. ग्रे यांच्या गटाने तळातील सर्व प्रजाती आणि त्यांची संख्या एकत्र तपासली, तेव्हा एकोफिस्कजवळ सूक्ष्म बदल सुमारे 3 किलोमीटरपर्यंत आढळले. समुद्र तोच होता. मोजण्याची पद्धत बदलली आणि प्रदूषणाचे क्षेत्र मोठे झाले.

1992 मध्ये पॅरिस आयोगाने चुऱ्यावरील तेलासाठी किलोमागे 10 ग्रॅमची, म्हणजे 1 टक्क्याची मर्यादा ठरवली. तिची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली. आता तुम्हीच हिशेब करा: 1000 टन चुऱ्यामागे ही मर्यादा 10 टन तेल होते. तत्कालीन तंत्राने तेवढी स्वच्छता साधणे कठीण होते. म्हणून कंपन्या एस्टरसारख्या कृत्रिम द्रवांकडे वळल्या. एस्टर लवकर कुजते, पण कुजताना तळातील प्राणवायू संपवते. शेवटी ऑस्पार आयोगाचा 2000/3 हा निर्णय आला आणि तो 2001 पासून अमलात आला. त्यानुसार कृत्रिम द्रवाने माखलेला चुराही समुद्रात सोडणे जवळपास बंद झाले.

मग चुरा गेला कोठे?

काही चुरा जहाजाने किनाऱ्यावर नेला जाऊ लागला. तेथे तो तापवून तेल वेगळे काढतात. काही चुरा दळून, पाण्यात कालवून खोल भूस्तरांत दाबला जातो. परंतु नॉर्वेच्या वेस्लेफ्रिक क्षेत्रात असा दाबलेला कचरा तळातून बाहेर येत असल्याचे 2009 मध्ये उघड झाले. जुने ढीगही अजून तेथेच आहेत. ते हलवले तर अडकलेले तेल मोकळे होते, न हलवले तर झिरपत राहते. म्हणून 2006 च्या ऑस्पार शिफारशीत वर्षाला 10 टन तेलाची गळती हा एक निकष ठरवण्यात आला. दोन्ही ठरलेल्या निकषांच्या आत असलेला ढीग सामान्यतः आहे तसाच ठेवता येतो.

भारतीय संदर्भ

‘सागर सम्राट’ने 1974 मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. खोदकामातील कचऱ्यासाठी आपल्याकडे 2005 मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली सविस्तर नियम आले. त्यांत डिझेलयुक्त मडला बंदी आहे आणि पाण्याच्या मडला प्राधान्य आहे. बराइटमधील पारा व कॅडमियम यांवरही मर्यादा आहे. चुऱ्यावरील तेलासाठी येथेही किलोमागे 10 ग्रॅम हाच आकडा दिसतो. वर सांगितलेला इतिहास ठाऊक असल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही.

समारोप

या इतिहासाकडे केवळ प्रगतीची कहाणी म्हणून पाहू नका. विषारीपणा मोजला तेव्हा टिकाऊपणा सुटला. टिकाऊपणावर उपाय केला तेव्हा प्राणवायूचा प्रश्न आला. समुद्रात सोडणे थांबले तेव्हा कचऱ्याने जागा बदलली. मुंबई हाय असो की कृष्णा-गोदावरी खोरे, एखादा प्रकल्प मर्यादेच्या आत आहे असे वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा: काय मोजले, आणि कोठपर्यंत मोजले?